आधी हात, मग पाय

आम्ही दोघं अंटार्क्टिकाला जाऊन आलो हे कळलं की लोक आधी थंडीचं विचारतात, मग पेंग्विनचं. तिसरा प्रश्न खाण्याचा. तो विचारताना थोडा संकोच करतात, पण विचारल्याशिवाय राहत नाहीत. माझ्या उजव्या हाताचं कुणी विचारत नाही, कारण त्या हातानं तिकडे काय गोंधळ घातला हे नाशिकमध्ये आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत नाही. बर्फाचे फोटो मोबाइलवर भरपूर आहेत, ते कुणीही बघावेत. मी इथं हाताचं लिहिणार आहे.

मी भूगोल शिकवायचे. शाळा नाशिकमधलीच, मराठी माध्यमाची. वर्गात जगाचा एक जुना कापडी नकाशा होता. तो खालच्या बाजूनं लाकडी दांडीला ठोकलेला, त्यामुळे तळाची पांढरी पट्टी अर्धी दांडीखाली गेलेली. दरवर्षी कुणीतरी विचारायचं, "बाई, हे पांढरं काय आहे?" मी सांगायचे, "अंटार्क्टिका. सगळ्यांत थंड, सगळ्यांत कोरडा, सगळ्यांत जास्त वाऱ्याचा खंड." "तिथं कोण राहतं?" "कायमचं कुणीच नाही." "मग तुम्हाला कसं माहीत?" हा शेवटचा प्रश्न विचारणाऱ्याला मी खाली बसवायचे आणि मग दिवसभर माझंच डोकं चालत राहायचं. युरोप-आफ्रिकाही मी पाहिलेले नव्हते, पण त्यांचं मला काही वाटत नसे. तिथं माणसं आहेत, ती आपापलं सांगतात. या एका खंडाबद्दल मी इतकी ठणकावून बोलायचे आणि त्याच्या बाजूनं बोलणारं कुणीच नव्हतं. निवृत्त झाले तेव्हा मनात एक गोष्ट पक्की होती. तिथं एकदा पाय ठेवायचा. जवळपासच्या बेटावर नाही, जहाजाच्या कठड्यावरून बघून नाही, तर मुख्य भूमीवर, स्वतःच्या पायानं.

आमच्या ह्यांची सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात झाली. तिथं काम संपलं की हत्यारं मोजायची पद्धत. एक पाना जरी कमी भरला तरी तो सापडेपर्यंत विमान जागचं हलायचं नाही, कारण तो आत राहिला असेल तर वर गेल्यावर काय होईल ते सांगायला कुणी खाली परत येणार नाही. ही सवय घरातही आली. पाहुणे गेले की हे चमचे मोजतात. पाहुण्यांवर संशय नसतो, पण मोजल्याशिवाय चैन पडत नाही. नियमाबद्दल त्यांचं एकच म्हणणं असतं, "नियम उगाच होत नाही. आधी काहीतरी पडतं, मग नियम होतो." देवधर्माचं त्यांना वावडं नाही, पण ओढही नाही. मी पूजा करत असेन तर पेपर वाचतात आणि प्रसाद मात्र न चुकता खातात.

आता हाताबद्दल. माझं माहेर मखमलाबादचं, फुलांची शेती. शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. वडील पहाटे वाफ्यात उतरायचे ते अनवाणी, आणि उतरण्याआधी खाली वाकून मातीला उजवा हात लावायचे, तो कपाळाला लावायचे आणि मगच पाय आत टाकायचे. आम्ही भावंडं धावत वाफ्यात घुसलो की ओरडायचे, "आधी हात, मग पाय!" याच्यामागे काय आहे हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही फुलं तोडता तोडता. "आपण तिच्या अंगावर उभं राहणार. मग आधी विचारायला नको?" एवढंच. मी फार धार्मिक बाई नाही. चतुर्थी धरत नाही, देवळात गर्दी दिसली की बाहेरूनच नमस्कार करून घरी येते. पण हा हात राहिला. सकाळी पलंगावरून उतरताना, नदीत पाय टाकताना, शाळेचं नवं मैदान झालं तेव्हा, गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा शिरताना. मी काही मनात म्हणत नाही, डोळे मिटत नाही. पुष्कळदा मला कळतही नाही. हात जातो, येतो, आणि मी चालायला लागते.

ह्यांना ते रोज सकाळी दिसायचं आणि रोज सकाळी ते म्हणायचे, "झालं का जमिनीचं समाधान?" लग्न झाल्यापासून हेच वाक्य. मी सुरुवातीला रागवायचे, नंतर त्यांच्या खोकल्यासारखं तेही ऐकू येईनासं झालं.

जायचं ठरलं, एका कंपनीच्या मराठी गटात नावं घातली. निघायच्या आधी दिंडोरीला सासरी जाऊन आलो. तिथं माझे दीर-जाऊ द्राक्षबाग बघतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे दिवस होते. घरातल्या सगळ्यांना माझं थंडीचं जाकीट बघायचं होतं, म्हणून मी ते भर दुपारी अंगात घालून दाखवलं आणि घामानं निथळत उभी राहिले. तेवढ्यात जाऊ आतून ओटीचं ताट घेऊन आली. म्हटलं, "थांब, साडी नाही तर निदान ओढणी तरी घेते." ती म्हणाली, "राहू द्या ताई, तशीच धरा. लय थंडी हाय म्हणत्यात तिकडं, जाकिटाचीच भरती ओटी. काय नाय होत." आणि तिनं माझ्या जाकिटाच्या पुढच्या घेरात नारळ, खण, हळकुंड आणि चांगले ओंजळभर गहू घातले. सगळे हसलो. गहू नंतर मी काढून ठेवले, म्हणजे काढले असं मला वाटलं.

जहाज अर्जेंटिनाच्या अगदी दक्षिणेच्या बंदरातून सुटलं. पुढचा समुद्र जगातला सगळ्यांत खवळलेला समजतात. मी मुलांना तसं शिकवलंही होतं, पण पाठ्यपुस्तकात ओकारीचा उल्लेख नव्हता. आमच्या गटातला एकूण एक माणूस आडवा झाला. हे मात्र व्यवस्थित जेवत होते आणि यंत्रघर बघायला मिळेल का, म्हणून ज्याला त्याला विचारत होते.

समुद्र शांत झाला तशी कपड्यांची तपासणी निघाली. किनाऱ्यावर उतरताना बाहेरच्या जगातलं काही तिथं जाऊ नये, म्हणून जाकीट, पँट, पिशव्या, बुटांचे तळ असं सगळं जहाजावरची माणसं तपासतात. खिशात व्हॅक्युमची नळी घालतात, शिवणी चिमट्यानं उकरतात. ह्यांना हे फार आवडलं. ते रांगेत सगळ्यांत पुढे होते आणि स्वतःचा खिसा स्वतःच उलटा करून दाखवत होते. माझ्या जाकिटाच्या खालच्या दुमडीतून तपासणाऱ्या मुलीनं गव्हाचा एक दाणा काढला. मग दुसरा. मग ती थांबली आणि मोहिमेच्या प्रमुख बाईंना बोलावून घेतलं.

या प्रमुख बाई नॉर्वेच्या, उंच, वाऱ्यानं चेहरा रापलेला, वय माझ्यापेक्षा थोडंच कमी असावं. त्यांनी दाणे तळहातावर घेतले आणि विचारलं, हे काय? माझं इंग्रजी शाळेपुरतं. समजतं सगळं, बोलताना अडखळते. आमच्या टूर मॅनेजर, पुण्याच्या, मदतीला धावल्या. आता ओटी इंग्रजीत कशी सांगायची? त्या म्हणाल्या, बाई प्रवासाला निघाली की तिच्या पदरात धान्य घालतात, सुखरूप परत यावी म्हणून. प्रमुख बाई म्हणाल्या, "छान आहे. पण हे बी आहे. हे इथं रुजू शकतं." भूगोलाच्या शिक्षिकेला हे सांगावं लागावं! माझे कान गरम झाले. सगळे दाणे निघेपर्यंत मी तिथं उभी होते, आणि हे मागून हळूच म्हणाले, "मी म्हटलं होतं, झटकून घे."

मग सगळ्यांना बसवून नियम सांगितले. पेंग्विनपासून लांब राहायचं. काही उचलायचं नाही, काही टाकायचं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, जमिनीला फक्त बुटांचा तळ लागला पाहिजे. बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, पिशवी खाली ठेवायची नाही, हात लावायचा नाही. पक्ष्यांमध्ये एका रोगाची साथ आलेली आहे. एका वसाहतीतली घाण हाताला लागली आणि तोच हात दुसऱ्या वसाहतीत टेकला तर तिथले पक्षी दगावू शकतात. बूट प्रत्येक वेळी औषधाच्या पाण्यात घासले जातील, पण हात, गुडघे आणि पिशव्या कोण किती घासणार?

आमच्या गटाला मी हे सगळं मराठीतून पुन्हा समजावलं. कुणी सांगितलं नव्हतं, सवय जात नाही. एका गृहस्थांनी विचारलं, फोटोपुरतं बर्फावर बसलं तर? मी त्यांना असं काही झापलं की ते पुढे दोन जेवणं आमच्या टेबलाकडे फिरकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहिलं उतरणं होतं, एका बेटावर. आठ-दहा जणांच्या रबरी बोटीतून किनाऱ्यापर्यंत जायचं, बोटीच्या फुगीर कडेवर बसून पाय बाहेर टाकायचे, गुडघाभर पाण्यात उतरायचं आणि दगडांवर चढायचं. वास भयंकर होता. हजारो पेंग्विन एका जागी राहिल्यावर काय होणार? मी पाण्यात उतरले, चार पावलं टाकली, समोर किनारा आला. कोरड्या दगडांवर पाय ठेवण्याआधी मी वाकले, दगडाला हात लावला, कपाळाला लावला आणि वर चढले.

मला कळलंसुद्धा नाही. हे ओरडले, "अगं!" तेव्हा मी हाताकडे पाहिलं. हातमोज्याला गुलाबी-करडी पेंग्विनची घाण लागलेली होती, आणि तीच कपाळावरच्या लोकरी टोपीला. प्रमुख बाई किनाऱ्यावरच उभ्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. मला तिथंच थांबवलं, हातमोजा आणि टोपी काढून पिशवीत भरली, हातावर औषध ओतलं आणि त्याच बोटीनं परत पाठवलं. बोटीत मी एकटी आणि चालवणारा माणूस. ज्यांना झापलं होतं ते गृहस्थ किनाऱ्यावरून बघत होते. त्यांनी सभ्यपणे तोंड फिरवलं, त्याचं मला जास्त लागलं.

जहाजावर येऊन मी खोलीत बसले आणि मला आधी स्वतःचा, मग त्या बाईंचा, मग वडिलांचासुद्धा राग आला. जिवंत असते तर त्यांना फोन करून भांडले असते. एवढ्या लांब, एवढी वर्षं मनात धरून आले आणि वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखी खोलीत बसले. रडू येत नव्हतं. ते नंतर आलं.

पुढचा दिवस वाऱ्यात गेला, उतरणं रद्द. दुपारी प्रमुख बाईंनी मला बोलावलं. हे बरोबर आले, टूर मॅनेजरही आल्या. बाईंनी सरळ मुद्द्यालाच हात घातला. उद्या सकाळी हवा जमली तर मुख्य भूमीवर उतरायचं आहे. या सफरीत मुख्य भूमीवर तेवढं एकच उतरणं. मला त्या नेऊ शकतात, पण आधी एक शब्द हवा. "हात खाली जाणार नाही, असं वचन देता?"

खोलीतल्या सगळ्यांना उत्तर माहीत होतं. टूर मॅनेजर माझ्याकडे बघून मान हलवत होत्या, म्हणजे हो म्हणा काकू. हे तर जवळजवळ उठूनच उभे राहिले. मी तोंड उघडलं आणि हो शब्द येईना. त्या दिवशी सकाळीच जहाजाच्या खोलीत पलंगावरून उतरताना माझा हात गालिच्याला लागला होता. आदल्या दिवशी एवढी फजिती होऊनसुद्धा.

मी म्हणाले, "नाही देऊ शकत. हात आपोआप जातो. मी ठरवत नाही."

टूर मॅनेजरनी ते इंग्रजीत सांगायला थोडा वेळ लावला. त्यांना वाटलं असणार मी वाक्य बदलेन. प्रमुख बाईंनी पुन्हा विचारलं, "प्रयत्न करीन, असं तरी?" मी म्हणाले, "प्रयत्न करीन. पण वचन मागाल तर नाही." बाईंनी विचार करून सकाळी सांगते म्हटलं.

खोलीचं दार लागलं आणि हे सुरू झाले. "हो म्हणायला तुझ्या बापाचं काय जात होतं?" हे माझ्या बापाबद्दल असं सहसा बोलत नाहीत. तेवढे ते तापले होते. म्हणाले, "एवढा समुद्र ओलांडून आलीस. चार तास हात खिशात घालून ठेव. संपलं."

"आणि गेला तर?"

"मुद्दाम नको ना करूस."

"मुद्दाम नाही करत हो मी."

"म्हणजे काय? हात काय दुसऱ्याचा आहे? रोज सकाळी वाकतेस, लावतेस, कपाळाला नेतेस. माणूस ठरवल्याशिवाय एवढं करतो का?"

मी म्हणाले, "तुम्हीच सांगता ना, आधी काहीतरी पडतं आणि मग नियम होतो? उद्या माझ्यामुळे तिथले पक्षी पडले, तर मी पुन्हा कुठल्या जमिनीवर तोंड वर करून उभी राहू?"

यावर त्यांनी वाद सोडला. पण पटलं म्हणून नव्हे. मी नसती हट्टी आहे आणि हा हात माझ्या हट्टाचाच भाग आहे, असं त्यांना वाटत होतं, ते चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. मला खरं दुःख त्याचं झालं. मुख्य भूमी हुकली तर हुकली. एका घरात इतकी वर्षं राहून या माणसाला असं वाटतं की मी रोज सकाळी नाटक करते? मी खिडकीकडे तोंड करून बसले. बाहेर एवढा मोठा हिमनग चालला होता आणि आम्ही दोघं एकमेकांवर फुगून बसलो होतो, अगदी गंगापूर रोडवर बसतो तसेच.

सकाळी वारा पडला. नाश्त्याच्या वेळी प्रमुख बाई आमच्या टेबलाशी आल्या. त्या म्हणाल्या, वचन मागितलं की सगळे हो म्हणतात. मग किनाऱ्यावर गेल्यावर निम्म्यांना आठवतही नाही. नाही म्हणणारी तुम्ही पहिली. तुमचं काय करायचं याचा मी पुष्कळ विचार केला. "तुम्हाला न्यायला मी तयार आहे. पण तो हात कुणीतरी धरायचा. बोटीतून उतरल्यापासून परत बोटीत बसेपर्यंत. मला जमणार नाही, माझ्यावर सगळ्यांची जबाबदारी आहे."

टूर मॅनेजरनी मराठीत सांगायच्या आधीच हे म्हणाले, "मी धरतो." ते माझ्याकडे बघत नव्हते. हत्यार सांभाळायला दिल्यासारखं त्यांनी ते काम अंगावर घेतलं.

मला हसू पण आलं आणि अपमानही वाटला. लहान मुलीला जत्रेत नेतात तसं मला अंटार्क्टिकावर नेणार. पण मी कपडे चढवायला उठले. तिथं मानापमान करत बसण्याइतकी मी वेडी नाही.

तो किनारा म्हणजे एका छोट्या खाडीच्या कडेचा काळा खडक होता. मागे बर्फाची भिंत, तिच्यामागे डोंगर, आणि त्याच्याही मागे जे होतं त्याला माझ्या नकाशात दांडीनं झाकलं होतं. पेंग्विन होते, पण थोडेच, वरच्या अंगाला. बोटीत आम्ही शेजारी बसलो होतो, अबोला तसाच होता. बोट टेकली. हे आधी उतरले, पाण्यात नीट पाय रोवले आणि हात पुढे केला. मी कडेवर बसून पाय बाहेर टाकले. डाव्या हातात काठी होती. उजवा त्यांनी मनगटाच्या वर पकडला, आम्हाला शिकवलं होतं तसा, म्हणजे त्यांचा पंजा माझ्या हातावर आणि माझा त्यांच्या हातावर. मी पाण्यात उतरले.

पाणी संपेपर्यंत मी मनाशी म्हणत होते, नाही जायचं, नाही जायचं. वर्गात गडबड करणाऱ्या पोरांना दटावतात तसं. समोर ओला खडक आला. मी मुद्दाम मान वर करून डोंगराकडे पाहिलं, खाली बघितलंच नाही. उजवा पाय उचलला.

आणि हात गेला.

खांद्यापासून गेला. मला तो ओढतोय एवढं कळलं, थांबवता आलं नाही. कंबर वाकायला लागली, गुडघा मोडला. ह्यांनी दोन्ही हातांनी धरला. आपल्या बाजूनं जोर लावला, तरी तो खाली चालला होता, तेव्हा त्यांनी पाय फाकवून अंग मागे टाकलं आणि तो तसाच अडवून ठेवला. दोन-चार श्वास आम्ही दोघं त्या पाण्यात असे उभे होतो. मग ओढ थांबली. हात ढिला पडला. मी सरळ झाले आणि पाय खडकावर ठेवला. मग दुसरा ठेवला.

मी मुख्य भूमीवर उभी होते. मी इतकी वर्षं जे मनात आणलं होतं ते सगळं तिथं होतं, बर्फ, खडक, वारा, आणि मला काही दिसत नव्हतं, कारण डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला एकही हात मोकळा नव्हता. न विचारता उभी राहिले होते. आयुष्यात पहिल्यांदाच. मला त्या जागेपुढे फार लाज वाटली.

ह्यांच्याकडे पाहिलं. डोंगराकडे, बर्फाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते माझ्या हाताकडे बघत होते. चेहरा उतरलेला. कारखान्यात कुणाला यंत्रानं ओढून घेतलं, त्या दिवशी ते घरी आले होते तेव्हा मी तो चेहरा पाहिला होता.

"अगं, हा खरंच जातो," ते म्हणाले.

मी डोळे खांद्याला पुसले.

"मला वाटायचं, तू ठरवून करतेस. सवय म्हणून. कधी कधी तर मला चिडवायला. रोज सकाळी मी काय बोलत होतो तुला."

मागून बोट आली, लोक उतरले, आमच्या बाजूनं वर चढून गेले. कुणीतरी फोटो काढू का विचारलं. आम्ही नको म्हटलं. प्रमुख बाई वरून आमच्याकडे एकदा बघून गेल्या. हात धरलेला आहे एवढं त्यांनी पाहिलं.

लोक लांब गेल्यावर ह्यांनी आजूबाजूला पाहिलं. विमान कारखान्यातला हा माणूस, पाहुणे गेल्यावर चमचे मोजणारा. माझ्या कानाशी येऊन त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "सोडू का?"

मी त्यांच्या पकडीकडे पाहिलं. खरंच सैल झाली होती.

"नको," मी म्हणाले. "धरून ठेवा."